दामोदर कोसंबी : दोन देशांत वाढलेला मुलगा

आपल्या मुरगाव तालुक्यातील सांकवाळ गाव तुम्हां सर्वांना परिचित आहे. पूर्वी ते सासष्टीत मोडत असे. बौद्ध धर्माचे थोर पंडित धर्मानंद कोसंबी यांचा जन्म याच गावी ९ ऑक्टोबर १८७६ रोजी झाला. त्यांचे चिरंजीव दामोदर हे गणितज्ञ व इतिहाससंशोधक म्हणून जगभर ओळखले गेले. आज त्यांच्याविषयी, आणि तेही मुख्यतः त्यांच्या लहानपणाविषयी. गोव्यातील कितीतरी घरांतील मुलांचे बालपण आजही असेच दोन देशांत विभागलेले असते.

दामोदर यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवीत. १९१८ साली हार्वर्ड विद्यापीठाने ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी धर्मानंदांना बोलावले, तेव्हा ते माणिक व दामोदर या दोन मुलांना घेऊन अमेरिकेतील केंब्रिज या गावी गेले. आई बाळाबाई इकडेच राहिल्या. दामोदर तेव्हा अवघा अकरा वर्षांचा होता. पुढे तो तिथल्या हायस्कुलात गेला, बालवीर पथकात दाखल झाला. नॉर्बर्ट वीनर या पुढे नावाजलेल्या गणितज्ञाशी त्याची मैत्री जमली ती तिथेच.

१९२२ साली वडील भारतात परतले आणि अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात रुजू झाले. मुलगा शिक्षणासाठी मागे राहिला. वय पंधरा. पालकांनी क्षणभर विचार करावा. त्या काळी पत्र पोचायलाही आठवडेच्या आठवडे लागत.

शालान्त परीक्षेत त्याने असे यश मिळवले की हार्वर्डची प्रवेशपरीक्षा त्याला माफ झाली. पण शिक्षण मध्येच थांबवून तो वडिलांकडे आला. गांधीजींच्या सहवासातील माणसे, खादी, आश्रमाची शिस्त हे सारे केंब्रिजपेक्षा किती निराळे असेल! जानेवारी १९२६ मध्ये पुन्हा अमेरिका. गणिताच्या प्राध्यापकांना वाटे, याने गणितातच लक्ष घालावे. याला मात्र भाषा, इतिहास सारेच हवे होते. १९२९ साली तो सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाला आणि मायदेशी परतला.

बनारस, अलीगढ आणि मग ज्या फर्ग्युसनमध्ये वडिलांनी शिकवले तिथेच गणिताची प्राध्यापकी, असा पुढचा प्रवास झाला. १९४५ पासून १९६२ पर्यंत ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. राहायचे पुण्यात, त्यामुळे डेक्कन क्वीनने जाणेयेणे. हजारो प्राचीन नाणी तराजूत तोलून, झिजेवरून त्यांनी इतिहास वाचला. भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती काढली. बोलणे सडेतोड, त्यामुळे दुखावलेलेही पुष्कळ. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

धर्मानंदांनी ‘निवेदन’ या आत्मचरित्रात आपले कष्ट मोकळेपणाने सांगितले आहेत, तेही मराठीत. मुलाने लिहिले ते मुख्यतः इंग्रजीत, आणि स्वतःविषयी फार थोडे. आयुष्याच्या अखेरीस एक आत्मपर लेख लिहिला, पण त्यात घरादारापेक्षा कामाच्याच गोष्टी जास्त. मला वाटते, त्यांचे मन पाहायचे तर ‘मिथ अँड रिॲलिटी’ हे १९६२ चे पुस्तक उघडावे. गोवा मुक्त होऊन वर्षही झाले नव्हते. गीता, उर्वशी, पंढरपूर असे विषय घेत घेत हे पुस्तक शेवटच्या प्रकरणात तिसवाडी, बारदेस आणि सासष्टीतल्या गावकारीपाशी, म्हणजे शेत, माड आणि गावकारांच्या हिश्शांपाशी येऊन थांबते.