डॉ. भाऊ दाजी लाड

कोकणातील डोंगरउतारांवर आणि ओढ्यांच्या काठी कडू कवठ नावाचा एक वृक्ष आढळतो. त्याच्या बियांचे तेल गजकर्ण, खरूज अशा त्वचारोगांवर लावण्याची रीत खेड्यापाड्यांत फार जुनी आहे. या साध्या तेलाकडे शास्त्रीय दृष्टीने पाहणारे एक थोर वैद्य एकोणिसाव्या शतकात होऊन गेले. ते म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड.

भाऊंचा जन्म १८२२ साली गोव्यातील मांजरे या गावी एका गरीब कुटुंबात झाला. पुढे हे कुटुंब मुंबईस आले. वडील मातीच्या बाहुल्या विकून उदरनिर्वाह करीत. भाऊ बुद्धिबळात तरबेज होते. त्यांचे चातुर्य पाहून एका इंग्रज गृहस्थाने मुलास इंग्रजी शिक्षण देण्याचा आग्रह वडिलांना केला, असे सांगतात. १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले. १८५१ साली तेथून जी पहिली तुकडी उत्तीर्ण झाली, तीत भाऊ होते. पुढे बंधू डॉ. नारायण यांच्यासह त्यांनी गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला.

त्या काळी महारोग हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ समजले जाई. घरची माणसेही रोग्यास दूर लोटीत. भाऊंनी मात्र अशा रोग्यांना जवळ केले. जुने वैद्यकग्रंथ अभ्यासून आणि वनस्पती पारखून त्यांनी कडू कवठाचे तेल निवडले. ते रोग्याच्या पोटात द्यावे, अंगास चोळावे आणि त्याच्याकडून कडक पथ्य पाळून घ्यावे, असा त्यांचा क्रम असे. काही रोग्यांना उतार पडू लागला. मात्र प्रयोग पुरे होण्यापूर्वी औषधाचे नाव प्रसिद्ध करण्यास भाऊ तयार नव्हते. त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली.

भाऊ नुसते वैद्य नव्हते. अजिंठ्याचे शिलालेख त्यांनी वाचले. कल्याणजवळच्या अंबरनाथ येथील शिवमंदिराचा लेखही अभ्यासला. १८६९ व १८७१ साली ते मुंबईचे नगरपाल झाले. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयासाठी ते झटले; १९७५ साली त्यास त्यांचेच नाव देण्यात आले.

अखेरीस पक्षाघाताने त्यांना गाठले आणि ३१ मे १८७४ रोजी, महारोगावरील कार्य अपुरे असतानाच, त्यांचे निधन झाले. आदल्याच वर्षी नॉर्वेत हान्सेन यांनी या रोगाचे जंतू पाहिले होते. पुढे विसाव्या शतकात याच जातीच्या वृक्षांचे तेल टोचून जगभर महारोग्यांवर उपचार होऊ लागले. त्या तेलाने रोगाचे समूळ उच्चाटन होत नसे. १९४० नंतर अधिक गुणकारी औषधे निघाली. आज हा रोग पूर्ण बरा होतो.

भाऊंच्या हातून काम पुरे झाले नाही, हे खरे. परंतु ज्याला सारे टाळीत, त्याच्या व्रणांवर हात ठेवून त्यांनी रोगाचे मूळ पापात नव्हे, तर शरीरात शोधले. त्यांचे खरे मोठेपण यातच आहे.