लक्ष्मीबाई टिळक व त्यांचें घर

आपल्या हिंगोली जिल्ह्यांतील नर्सी हें गांव संत नामदेवांच्या नांवानें ओळखिलें जातें. नामदेवांच्या घरांत मातोश्रींपासून दासी जनाबाईपर्यंत सर्वांनीं अभंग रचिले, अशी परंपरा आहे. एकाची भक्ति साऱ्या घराची कशी व्हावी, हा प्रश्न प्रत्येक आईबापाच्या मनांत केव्हांना केव्हां उभा राहतो. ख्रिस्ती घरांतही तो तितकाच जिव्हाळ्याचा आहे. ज्या घराला त्याचें उत्तर पुष्कळ दुःख सोसून सांपडलें, त्या घराची ही हकीकत आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 सालीं नाशिकजवळ जलालपूर येथें गोखल्यांच्या घरीं झाला. वडील इतके सोंवळे कीं, बाजारांतून आणलेली वस्तु धुतल्याविना घरांत येत नसे. लहानपणींच त्यांचा विवाह नारायण वामन टिळकांशीं झाला. टिळक विद्वान, कवि व उदार. परंतु संसाराविषयीं बेफिकीर. पत्नीला लिहिण्यावाचण्यास मात्र त्यांनींच शिकविलें.

एकदां आगगाडीच्या प्रवासांत एका युरोपियन गृहस्थानें टिळकांस नवा करार दिला. तो वाचतां वाचतां त्यांचें मन पालटलें, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. ही वार्ता लक्ष्मीबाईंवर वज्राघातासारखी कोसळली. पति जिवंत, पण संसार मोडलेला. पदरीं लहानगा दत्तू. आणि पुढें सगळा अंधार. अशीं सुमारें साडेचार वर्षें गेलीं. टिळकांच्या श्रद्धेचा गौरव करतांना या माउलीच्या अश्रूंचा विसर पडूं देणें न्यायाचें होणार नाहीं.

पुढें त्या अहमदनगरास पतीकडे राहावयास आल्या, तरी आपला धर्म त्यांनीं सोडला नव्हता. त्यांचें सोंवळें निराळें, स्वयंपाकही निराळा. टिळकांनीं त्यांना तो पाळूं दिला. लक्ष्मीबाई सर्व पाहत होत्या. वादविवादानें जें साधलें नसतें, तें सहवासानें हळूहळू साधलें. एके दिवशीं त्या विचार करीत बसल्या कीं, जातिभेद देवानें केला कीं माणसानें? उत्तर त्यांच्याच अंतःकरणानें दिलें, आणि जन्मभराचें सोंवळें गळून पडलें. 1900 सालीं त्यांनीं स्वतःच्या खात्रीनें बाप्तिस्मा घेतला.

अशा घरांत मुलांचें धर्मशिक्षण कसें झालें असेल? टिळकांनीं ख्रिस्तभक्ति ओवी-अभंगांत आणली. त्यामुळें मुलांच्या कानीं येशूचें नांव मायबोलींत पडे. पोरक्या मुलांना या दांपत्यानें घरीं आणून वाढविलें; म्हणून शेजारप्रीतीचा धडा मुलांना रोज पानावर बसतांनाच मिळे. उपदेश ऐकावयाचा आणि आचरण निराळें पाहावयाचें, अशी वेळ त्यांच्यावर आली नाहीं.

9 मे 1919 रोजीं टिळक निवर्तले. ख्रिस्तचरित्राचें त्यांनीं आरंभिलेलें महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ अपुरें राहिलें होतें. शाळेचें तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनीं तें हातीं घेतलें आणि त्यांत 64 अध्यायांची भर घातली. त्यांची ‘स्मृतिचित्रें’ 1934 पासून प्रसिद्ध होऊं लागलीं. त्यांत पतीचे व स्वतःचे दोष त्यांनीं हंसतमुखानें सांगितले आहेत. 24 फेब्रुवारी 1936 रोजीं त्याही गेल्या. काव्याचा शेवटचा, 76 वा अध्याय मग त्यांचे पुत्र देवदत्त यांनीं रचिला. तोच एके काळचा लहानगा दत्तू! 1938 सालीं ग्रंथ प्रसिद्ध झाला. पित्यानें आरंभिलें, मातेनें वाढविलें, पुत्रानें शेवटास नेलें.

पालकहो, घर आणि शेत मृत्युपत्रानें मुलांच्या नांवावर करून देतां येतें. श्रद्धा तशी देतां येत नाहीं. ती मुलांनीं आपल्या घरांत पाहावी लागते, आणि ती स्वतःची होईपर्यंत आपणांस धीर धरावा लागतो. आपण सुरू केलेलें काम अपुरेंच राहणार. मुलांनीं तें आपण होऊन हातीं घ्यावें, इतकी गोडी त्यांना लागली म्हणजे आपलें कर्तव्य झालें.