जो लुई यांची चोविसावी लढत

निकाल हाती पडला की आपण उत्तीर्ण झालो की नाही एवढेच पाहतो. पण मिळालेले यश आपल्याच मनाला पटते का? हा प्रश्न एका जगज्जेत्याला भर रिंगणात पडला होता.

जो लुई यांचा जन्म १३ मे १९१४ रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात एका गरीब निग्रो शेतकरी कुटुंबात झाला. पुढे हे कुटुंब डेट्रॉइटला आले. तेथे हा मुलगा मुष्टियुद्ध शिकला आणि २२ जून १९३७ रोजी ब्रॅडॉकला हरवून हेवीवेट गटाचा जगज्जेता झाला. १९३८ साली त्यांनी जर्मनीच्या श्मेलिंगला पहिल्याच फेरीत लोळवले. एकामागून एक तेवीस वेळा त्यांनी आपले विजेतेपद राखले.

चोविसावी लढत ५ डिसेंबर १९४७ रोजी न्यूयॉर्क येथे झाली. प्रतिस्पर्धी जर्सी जो वॉलकॉट यांना कोणी फारसे जमेस धरले नव्हते. परंतु त्यांनी लुईंना पहिल्या आणि चौथ्या फेरीत खाली पाडले. पंधरा फेऱ्या संपल्या, तेव्हा लुई निकाल ऐकण्यापूर्वीच रिंगण सोडू लागले. त्यांना थांबवावे लागले. रिंगणातील पंचाने वॉलकॉटच्या बाजूने कौल दिला, पण दोन्ही गुणपरीक्षकांनी लुईंना विजयी ठरवले. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली.

आता नियम पाहा. बहुमताचा कौल अधिकृतपणे रद्द झाला नाही, तर नोंदवहीत विजय हा विजयच राहतो. प्रेक्षकांची नाराजी तेथे लिहिली जात नाही. एका परीक्षकाचा कौल फिरला असता, तर लुईंचा आकडा तेवीसवरच थांबला असता आणि विजेतेपद वॉलकॉटकडे गेले असते.

लुई नोंदवहीच्या आड लपले नाहीत. २५ जून १९४८ रोजी ते पुन्हा त्याच वॉलकॉटसमोर उभे राहिले आणि अकराव्या फेरीत त्यांना चीत केले. या वेळी परीक्षकांच्या गुणांची गरजच उरली नाही. पंचवीस वेळा विजेतेपद राखून १९४९ साली ते निवृत्त झाले. हेवीवेट गटातील हा विक्रम आजही अबाधित आहे.

पुढचे दिवस कष्टाचे गेले. कराच्या थकबाकीमुळे त्यांना पुन्हा रिंगणात उतरून पराभवही पाहावे लागले. १२ एप्रिल १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. वॉलकॉटही खचले नाहीत. १९५१ साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, ते जगज्जेते झाले.

पालकहो, मुलाच्या गुणपत्रिकेवर शंका आली, तर त्याला रागावू नका आणि परीक्षकालाही दोष देत बसू नका. तोच पेपर पुन्हा सोडवायला त्याच्याजवळ बसा.