लोखंडी फुफ्फुसाचे जनक

फिलिप ड्रिंकर यांचा जन्म १८९४ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात झाला. शिक्षणाने ते रसायन अभियंता. अध्यापन मात्र हार्वर्ड विद्यापीठात औद्योगिक आरोग्याचे. पोलिओने श्वसनाचे स्नायू लुळे पडलेली मुले त्या काळी डोळ्यांदेखत गुदमरून दगावत. लुई शॉ यांच्या साथीने ड्रिंकर यांनी धातूची हवाबंद पेटी घडवली. रुग्णाचे डोके बाहेर, धड आत. पेटीतील दाब कमी होताच छाती फुले, तो पूर्ववत होताच श्वास सुटे. घशात नळी नाही, शरीराला छेद नाही.

ऑक्टोबर १९२८ मध्ये बोस्टनच्या बालरुग्णालयात ८ वर्षांची एक बेशुद्ध मुलगी या पेटीत ठेवली गेली आणि थोड्याच वेळात शुद्धीवर आली. काही दिवसांनी मात्र न्यूमोनियाने तिचा बळी घेतला. पेटी श्वास देत होती. फुफ्फुसातील संसर्ग हटवणे तिच्या आवाक्यात नव्हते. तरीही पुढील तीन दशकांत या यंत्राने हजारो प्राण वाचवले.

१९७२ मध्ये ड्रिंकर निवर्तले. न्यूमोनिया वा हृदयविकाराने धाप लागलेल्या बालकांना आज नाकावरील मास्कमधून दाबाने हवा दिली जाते. यंत्र बदलले, शरीराला छेद न देता श्वासाला आधार देण्याचे सूत्र तेच राहिले.