गंगाखेडची जनी : लेक की दासी?

गोदावरीच्या काठी वसलेले परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात दमा व करुंड या विठ्ठलभक्त दांपत्याच्या पोटी त्यांचा जन्म झाला, असे परंपरा सांगते. आईचे छत्र लवकर हरपले आणि बापाने त्या कोवळ्या पोरीला पंढरपुरी दामाशेटी शिंप्यांच्या घरी ठेवले. हे घराणे मूळचे नरसीचे मानले जाते. १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात असलेले हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात आहे.

घर भले होते. दामाशेटी व गोणाई यांनी मुलीला अन्न, वस्त्र आणि निवारा दिला. याच घरात नामदेव वाढले. त्यांच्यामुळे संतमंडळींचा सहवास जनाबाईंना लाभला आणि घरकाम करणारी एक स्त्री कवयित्री झाली. त्यांच्या नावावरचे सुमारे साडेतीनशे अभंग नामदेवांच्या गाथेबरोबर आज आपल्याला उपलब्ध आहेत.

तथापि त्या अभंगांतील संसार पाहिला की एक प्रश्न मनात उभा राहतो. दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणे, गोवऱ्या वेचणे ही कामे आयुष्यभर जनाबाईंच्याच वाट्याला आली. एका अभंगात त्यांनी नामदेवांच्या घरातील माणसे एकेक करून मोजली आहेत. सासू, सुना, मुलगे, लेक, बहीण अशी सर्वांची नाती सांगून झाल्यावर अखेरीस त्या स्वतःचे नाव घेतात, ते दासी म्हणून. या शब्दात भक्तीची विनम्रता आहे, हे खरे. परंतु जिच्या श्रमावर घर चालते तिला त्या घरात दुसरे नातेच उपलब्ध नव्हते, हेही तितकेच खरे. विठोबा जात्याशी बसतो, डोके विंचरतो, या कथांतून आईची माया कोठे शोधली गेली, ते उमगते.

यात दामाशेटींचा दोष शोधणे अन्यायाचे होईल. त्या काळच्या धर्मशास्त्रात दत्तकविधान प्रामुख्याने पुत्रासाठी होते. पिंडदान आणि वंश यांपुढे कन्येचा विचार होत नसे. हिंदूंना मुलगी दत्तक घेण्याचा स्पष्ट कायदेशीर अधिकार मिळण्यास १९५६ साल उजाडावे लागले. पुढे २०१५ च्या बालन्याय अधिनियमाने त्याहून महत्त्वाचे पाऊल टाकले. घर चांगले आहे, एवढ्या लौकिकावर मूल सोपविता येत नाही. दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांनी नोंदणी करावयाची, सामाजिक कार्यकर्त्याने घरी जाऊन कुटुंबाची पाहणी करावयाची, जाणत्या मुलाचे मत विचारावयाचे आणि दत्तकविधानानंतरही दोन वर्षे दर सहा महिन्यांनी विचारपूस करावयाची, अशी रीत आहे. काही काळासाठी मूल सांभाळणाऱ्या संगोपन कुटुंबाचीही बालकल्याण समितीने दरमहा पाहणी करावी, असे कायदा म्हणतो.

अनेकांना ही चौकशी जाचक वाटते. पुण्यकर्माला दाखले कशाला, असे विचारले जाते. याचे उत्तर जनाबाईंच्या चरित्रात आहे. आश्रय आणि अपत्यत्व या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि त्यांतील अंतर चांगल्या माणसांच्या घरातही राहू शकते. मराठवाड्यात आजही कर्त्या माणसाने आत्महत्या केली किंवा आईबाप ऊसतोडीला गेले की मुले नातलगांच्या घरी राहतात. तेथे ती शाळेत जातात की धुणीभांडी करतात, हे पाहणारे कोणी असते काय? कायदा कागदावर आहे. पण तो गावापर्यंत पोचविण्याचे काम शिक्षकाने, ग्रामसेवकाने आणि शेजाऱ्यानेही करावयाचे आहे.

परंपरेनुसार शके १२७२ मध्ये, म्हणजे १३५० साली, पंढरपूरच्या महाद्वारी नामदेवांच्या परिवारासह जनाबाईंनी समाधी घेतली. जिवंतपणी ज्या कुटुंबात त्यांचे स्थान अखेरचे होते, त्या कुटुंबात मृत्यूने त्यांना सर्वांच्या बरोबरीचे केले. आज परक्या घरी राहणाऱ्या मुलीला ही बरोबरी जेवणाच्या पंगतीत आणि शाळेच्या हजेरीपटावर मिळाली पाहिजे.