विश्लेषण : नागपुरात लेखा अधिकारी राहिलेल्या सी. व्ही. रमण यांना टकरींमध्ये काय सापडले?

नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रात शाळांच्या सहली येतच असतात. पण ज्यांचे नाव केंद्राला दिले, ते सी. व्ही. रमण १९१० च्या सुमारास याच शहरात नोकरीला होते, हे अनेक नागपूरकरांनाही ठाऊक नसते. तेही शास्त्रज्ञ म्हणून नव्हे, सरकारी लेखा खात्याचे अधिकारी म्हणून!

लेखा खात्यात कसे आले?

रमण यांचा जन्म १८८८ मध्ये तिरुचिरापल्लीचा. १९०७ मध्ये मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून एम.ए. झाले, पण विज्ञानावर पोट भरण्याची सोय तेव्हा भारतात जवळपास नव्हती. म्हणून वित्त खात्याची परीक्षा देऊन ते कलकत्त्यात रुजू झाले. कचेरीआधी आणि कचेरीनंतर ते तिथल्या ‘इंडियन असोसिएशन’च्या प्रयोगशाळेत रमत. रंगून आणि मग नागपूरच्या बदलीने ती प्रयोगशाळा दुरावली. १९११ मध्ये ते कलकत्त्याला परतले. १९१७ मध्ये विद्यापीठाने प्राध्यापकपद देऊ केले. पगार बराच कमी होणार होता. तरीही त्यांनी सरकारी नोकरी सोडली.

गोळ्यांच्या टकरीत काय दिसले?

१९१८ मध्ये त्यांनी अतिशय सावकाश होणाऱ्या टकरींच्या छायाचित्रणावर शोधनिबंध लिहिला. कॅरम आठवा. स्ट्रायकर सोंगटीवर आदळतो तेव्हा त्याचा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, दोघांत वाटला जातो. बाहेरचे बल नसेल तर एकूण बेरीज बदलत नाही. (पाटाचे घर्षण हे बाहेरचे बल, म्हणून तर पावडर लागते.) गतिज ऊर्जेचे तसे नाही. तिचा काही भाग आवाज, उष्णता आणि पृष्ठभागाचा चेपा यांत जातो. टक्कर जितकी हळू, तितकी ही गळती कमी, असे रमण यांना आढळले.

प्रकाशही ‘आदळतो’?

१९२३ मध्ये अमेरिकेच्या कॉम्प्टन यांनी क्ष-किरण आणि इलेक्ट्रॉन यांच्या भेटीचा हिशेब दोन गोळ्यांच्या टकरीसारखा मांडला. संवेग आणि ऊर्जा दोन्ही जुळले. गंमत म्हणजे, रमण यांना ते सुरुवातीला पटले नव्हते. १९२४ मध्ये टोरांटोच्या परिषदेत त्यांनी कॉम्प्टनविरोधी बाजू घेतली. पण १९२७ मध्ये कॉम्प्टन यांना नोबेल मिळाले, तेव्हा आपल्या प्रयोगात द्रवातून विखुरताना दिसणारा क्षीण, बदललेला प्रकाश याच जातीचा असावा, असे त्यांच्या मनात आले. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी के. एस. कृष्णन यांच्या साथीने ते सिद्ध झाले. फोटॉन रेणूला थोडी ऊर्जा देतो किंवा त्याच्याकडून घेतो आणि त्याचा रंग बदलतो. १९३० चे नोबेल याच शोधासाठी मिळाले.

पुढच्याच वर्षी एस. भगवंतम यांच्यासोबत त्यांनी आणखी एक हिशेब तपासला. विखुरलेल्या प्रकाशाच्या मोजमापांवरून त्यांनी दाखवले, की फोटॉनला स्वतःचा कोनीय संवेगही असतो.