बाबा आमटे आणि मणक्याचा आजार

विरार लोकलमध्ये तासभर उभे राहून पाठ धरली, की तुम्हाला वाटते, कुणीतरी एकदा मणका बसवून द्यावा. तेव्हा बाबा आमटे यांचे आयुष्य आठवा.

१९१४ मध्ये हिंगणघाटला जन्मलेल्या बाबांनी वकिली सोडून वरोऱ्याजवळ कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभे केले. पुढे मणक्यांच्या स्पॉन्डिलोसिसने त्यांना बसणेच अशक्य झाले. उभे राहायचे किंवा आडवे व्हायचे, एवढेच उरले. त्यांनी दिनक्रम त्याप्रमाणे बदलला. सत्तरी ओलांडल्यावर, १९८५ मध्ये, ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो यात्रेला निघाले. २००८ मध्ये, वयाच्या ९३व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मणक्याची झीज हाताने दाबून भरून येत नाही. कायरोप्रॅक्टिकने काहींची साधी कंबरदुखी कमी होते, पण आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. हातापायांत बधिरपणा किंवा अशक्तपणा असेल, चालताना तोल जात असेल, लघवीवर ताबा राहत नसेल, तर मान-पाठ मोडून घेऊ नका. लगेच रुग्णालयात जा.

दुखणे पूर्ण गेले नाही, तरी शरीराला काय सोसते ते ओळखून चांगले जगता येते.